मालिकेत नसलेलं आडनाव

मंदीची ती वर्षं होती, आणि दर शनिवारी दुपारी मी आणि माझ्या सासूबाई जपानी मालिका बघत असू. हे मी माहेरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मराठी संपल्या का?" पण पुण्यात जपानी शिकणं ही काही नवलाची गोष्ट नाही. इथे प्रत्येक गल्लीत एखादा तरी जपानी शिकलेला निघतो, आणि तो ते तुम्हाला सांगितल्याशिवाय सोडत नाही. मीही कॉलेजात असताना शिकले आणि पुढे हिंजवडीतल्या एका कंपनीत दुभाषी म्हणून लागले. जपानी गिऱ्हाईक आणि आमचे इंजिनीअर यांच्या मध्ये बसायचं आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचं. हेच काम घरात केलं तर त्याला चहाडी म्हणतात; तिथे त्याचा पगार मिळायचा.

माझा नवरा भोसरीत एका कारखान्यात टूलरूमला होता. तिकडच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, आम्हा आयटीवाल्यांना शनिवार-रविवार. त्यामुळे सणवार सोडले तर लग्नानंतर आमची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नाही. मी घरी असले की तो कामावर, तो घरी असला की मी कंपनीच्या बसमध्ये. जे काही बोलायचं ते सकाळी डबे भरताना. डबे भरताना माणूस काय बोलणार? भाजी कोरडी आहे, दूध उतू जातंय, येताना कोथिंबीर आण.

सासूबाई खडकीच्या कारखान्याच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. क्वार्टर सोडून आम्ही बोपोडीला राहायला आलो, तरी त्यांचं जेवण कारखान्याच्या भोंग्याच्या वेळेलाच व्हायचं. ताठ बाई. आपल्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली होती, हे त्या कोणालाही, न विचारता सांगत. आमच्या बाहेरच्या खोलीतल्या दोन तसबिरी पाहिल्या की आम्ही कोण ते आलेल्याला विचारावं लागत नसे, आणि सासूबाईंना ते तसंच हवं होतं.

मालिकेच्या सीडी मला कामावरच्या एका ज्येष्ठ दुभाषी बाईंनी दिल्या होत्या. "पुस्तकी जपानी पुरे झालं," त्या म्हणाल्या, "ऑफिसात माणसं एकमेकांना कशी टोचून बोलतात ते ऐक." मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि कानात शब्द साठवत बसले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ही रडतेय का? सांग की मराठीत. तुला येतं ना?"

अशी माझी घरची दुभाषागिरी सुरू झाली. आमच्या धंद्यात एक नियम असतो, तो इथे सांगायला हवा. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. 'ते असं म्हणतात की' वगैरे चालत नाही. साहेब म्हणाले, 'माझी चूक झाली', तर मीही म्हणायचं, 'माझी चूक झाली', आणि साहेब वाकले तर मी वाकायचं की नाही एवढंच काय ते आपल्या हातात. पहिल्यापहिल्यांदा जीभ अडखळते, मग अंगवळणी पडतं. त्यामुळे मालिकेतल्या नायिकेचं बोलणंही मी सासूबाईंना 'मी'नेच सांगू लागले.

गोष्ट साधी होती. टोकियोतल्या एका कंपनीतला एक विभाग तोट्यात असतो. तो बंद करायचा की नाही हे ठरवायला वरून नवा साहेब येतो. विभागातली माणसं घाबरलेली. साहेब उठत नाही तोवर कोणी घरी जात नाही, सकाळच्या बैठकीत एकेकाला सगळ्यांसमोर उभं करतात. आणि नायिकेची पंचाईत अशी, की हा नवा साहेब तिचा जुना प्रियकर. ते दोघं पूर्वी एका घरात राहिलेले असतात.

सासूबाईंना कचेरी पटकन कळली. "हा ओरडतो ते बरं," त्या म्हणाल्या. "आमचे साहेब हसून मेमो द्यायचे." आणि मग, "काम कधी करतात हे? नुसते वाकतायत."

पहिल्याच भागात नायिका आपल्या मैत्रिणीला जिन्यात गाठून सांगते, 'आम्ही तीन वर्षं एकत्र राहत होतो.' मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "आम्ही तीन वर्षं एकाच क्लासला होतो."

सासूबाईंनी मान डोलावली. मला मात्र घाम फुटला. सासूला लाजून मी ते वाक्य सोवळं केलं असतं तर गोष्ट वेगळी. तसं नव्हतं. मालिकेतलं वाक्य कानात शिरलं आणि तोंडातून माझं वाक्य बाहेर पडलं. कारण त्याच आठवड्यात आमच्या कंपनीतही नवा साहेब आला होता, आणि तो आणि मी तीन वर्षं टिळक रस्त्याजवळच्या एका जपानी क्लासला शेजारी बसलो होतो.

तीन वर्षं म्हणजे नुसतं शेजारी बसणं नव्हतं. आम्ही लग्न करणार होतो. निदान मी करणार होते. तो करणार आहे असं मला वाटत होतं. मग तो एमबीएला गेला, तिथून अमेरिकेला, आणि ईमेल आखूड होत होत थांबल्या. जपानीही त्याने अर्ध्यात सोडलं होतं. माझ्या नवऱ्याला लग्नाआधी मी एवढं सांगितलं होतं की कोणीतरी होता. त्याने पुढे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तर तो साहेब म्हणून आला. जपानी गिऱ्हाईक काम काढून घ्यायच्या गोष्टी बोलत होतं, आणि कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं हे त्याने ठरवायचं होतं. दुभाषी अर्धे कमी होणार अशी बातमी बसमध्ये फिरत होती. पहिल्याच बैठकीत समोरचे जपानी गृहस्थ, वयस्कर आणि गोड स्वभावाचे, माझं कौतुक करत म्हणाले, "तुम्ही दोघं पुण्याचेच. आधीची ओळख असेल."

मी हे त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. इंग्रजीत म्हणाला, "नाही, नाही. आजच भेटतोय. याआधी आमची कधी गाठ पडलेली नाही."

आणि मी, नियमाप्रमाणे, स्वच्छ जपानीत म्हणाले, "नाही. याआधी आमची कधी गाठ पडलेली नाही."

ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. तो खोटं बोलला त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, त्याची सवय होती. पण ते खोटं माझ्या तोंडून, माझ्या आवाजात, 'आमची' म्हणून बाहेर पडलं होतं, आणि माझा उच्चार एका ठिकाणीही चुकला नव्हता. ती लाज मी बसमधून घरी आणली. घरी कोणाला सांगितली नाही. सांगणार काय? नवरा तेव्हा झोपायच्या तयारीत होता, त्याला पहिल्या पाळीला जायचं होतं.

एकदा 'एकाच क्लासला' म्हटल्यावर पुढचं सगळं त्याच्याशी जुळवून घेणं आलं. एका शनिवारी मालिकेतले दोघं जुन्या घराच्या किल्लीबद्दल बोलत होते. मी किल्लीची वही करून टाकली. ते दोघं समुद्रावर गेले होते; मी म्हणाले, खडकवासल्याला, आणि जीभ चावून, "म्हणजे तसल्याच एका धरणावर." सासूबाई पडद्यावरच्या लाटांकडे बघत म्हणाल्या, "मोठं दिसतंय धरण." मी बंद करायला हवं होतं. सीडी खराब झाली म्हटलं असतं तर झालं असतं. पण मला ते शनिवार हवे होते, हेही खरं आहे. आठवडाभर मी दुसऱ्याचं बोलत असे. इथे दुसऱ्याच्या नावाखाली का होईना, माझं काहीतरी कोणीतरी शेंगा सोलत ऐकत होतं.

कोणाला वाटेल मला तो अजून आवडत होता. नाही. ते तर सोपं झालं असतं. प्रेम उरलं असतं तर लाज थोडी कमी वाटली असती, असं मला आजही वाटतं. तो काही राक्षसही नव्हता. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, वरून अमेरिकेतला साहेब त्याला झोडत होता, आणि तो कॅन्टीनमध्ये एकटा दहीभात खात बसायचा. मला त्याची दया यायची. फक्त एकदाच तो माझ्याशी मराठीत बोलला. कॉफीच्या मशीनजवळ दुसरं कोणी नव्हतं. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बोट करून हळूच म्हणाला, "आडनाव नाही लावलंस ते बरं केलंस. क्लायंटसमोर सोपं जातं."

ओळखपत्रावर माझं नाव होतं आणि पुढे नवऱ्याचं नाव. तिथेच संपलेलं. नोकरीला लागताना विचारलं होतं, नाव कसं लिहायचं, आणि मी तसं सांगितलं होतं. दक्षिणेकडची कितीतरी मुलं आडनाव लावत नाहीत. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. जपानी माणसं हाक मारतात ती आडनावाने, पुढे 'सान' लावून. त्यामुळे ती सगळी मला माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारत. मी तसं का केलं, हे मी स्वतःलाही कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. त्याला मात्र ते एका नजरेत कळलं होतं. इतक्या वर्षांनी त्याने माझं कौतुक केलं ते नेमकं या गोष्टीसाठी, आणि मी काय केलं? मी "हो" म्हणाले आणि कॉफीत साखर घातली. मी साखर घेत नाही.

त्याच आठवड्याच्या शनिवारी तो भाग लागला. त्यात मागची गोष्ट दाखवतात. नायिका पहिल्यांदा त्याच्या आईला भेटायला जाते. नीटनेटकं घर, चटया, आई चहा ओतते आणि विचारते, 'तुझं गाव कुठलं?' तो मधेच हसून सांगतो की हिचं गाव मासळीसाठी प्रसिद्ध आहे. आई खूश होते. एवढंच आहे त्या प्रसंगात, त्यात वाईट काही नाही.

मी बोलत होते आणि माझं मला ऐकू येत होतं. "तुझं आडनाव काय गं?" मी म्हणाले, आईच्या आवाजात. आणि मग त्याच्या आवाजात एक आडनाव सांगितलं. पेठेतल्या घरात चालेल असं, गोरंगोमटं आडनाव. मग नायिकेचं. नायिका त्या प्रसंगात काही बोलतच नाही, चहा पिते. पण मी म्हणाले, "मी खाली बघून पोहे खाल्ले."

हे असंच झालं होतं. त्याच्या घरी मी एकदाच गेले. त्याच्या आईने आडनाव विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने माझ्या नावापुढे दुसरंच आडनाव जोडून टाकलं. इतक्या सहज, की आधी ठरवलेलं असणार. त्यांनी विचारलं, म्हणजे कोकणातले का तुम्ही, आणि मी मान हलवली. पोहे चांगले होते. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "हळूहळू सांगू." मी तेव्हाही "हो" म्हणाले.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पडद्यावर दोघं चहा पीत होते. त्या पडद्याकडेच बघत म्हणाल्या, "जपानातही आडनाव विचारतात होय?"

मी रिमोट उचलला.

"आणि पोहे?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला. का केला कोण जाणे, त्यातलं त्यांना काही कळत नव्हतं. कोंबडं झाकून ठेवायचे माझे प्रयत्न किती शनिवार चालले होते आणि तांबडं केव्हाचं फुटलं होतं. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. वाटलं, आता त्या विचारतील, कोण तो, कुठे असतो, काय काय झालं. त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. बऱ्याच शेंगा झाल्यावर त्यांनी विचारलं, "तिने नवऱ्याला सांगितलंय का?"

त्या मालिकेतल्या बाईला नवरा नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"लाज वाटते."

"कशाची? लग्नाआधी कोणी होता त्याची? आमच्या कचेरीत निम्म्या बायकांना होते. मलाही एक साहेब बरा वाटायचा."

"त्याची नाही, आई. गप्प बसले त्याची."

मग मी सांगितलं. आता 'ती' नाही, 'मी'च, आणि ते 'मी' म्हणजे मीच. तो कुठे भेटला, आता कुठे बसतो, बैठकीत काय झालं. सासूबाई ऐकत होत्या. बैठकीचं ऐकून त्यांनी त्याला एक शिवी दिली, जी मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती. मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी थांबले नाही, आणि कॉफीच्या मशीनजवळचंही सांगून टाकलं. माझी बाजू घेणारं माणूस मिळालं की मला किती सांगू आणि किती नको असं होतं.

त्यांचा चेहरा बदलला. "कार्ड दाखव," त्या म्हणाल्या.

मी पर्समधून काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, उलटं करून मागचं वाचलं, पुन्हा पुढचं वाचलं.

"म्हणजे तिकडे तुम्ही कोण ते कोणाला माहीत नाही."

त्या मला कधी 'तुम्ही' म्हणत नसत. ते 'तुम्ही' मला एकटीला नव्हतं, आमच्या अख्ख्या पिढीला होतं, हे मला कळलं. मी म्हणाले, "आई, तिथे तसं कोणी विचारत नाही. आणि नोकरीचं आता असं चाललंय…"

"आमच्या गेटवर रोज सकाळी आडनाव पुकारायचे," त्या म्हणाल्या. "काही जण ते कसं पुकारायचे ते मी तुला सांगत बसत नाही. मी 'हजर' म्हणायचे." त्यांनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी रडायला लागले होते, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. "मला नको सांगूस. ज्याचं नाव लावलंस त्याला सांग."

गुरुवारी मी रजा टाकली. नवऱ्याला वाटलं मला बरं नाही. तो गॅलरीत स्कूटरचा प्लग साफ करत बसला होता, मी शेजारी पायरीवर बसले. सासूबाई मुद्दाम विहारात जाऊन बसल्या होत्या. मी पहिल्यापासून सांगितलं, डबे भरताना सांगता येत नाही तेवढं सगळं. क्लास, तो, पोह्यांची ती दुपार, आणि आता बैठकीत मी काय म्हणाले ते.

त्याने ऐकून घेतलं. त्या माणसाबद्दल त्याला राग आला असेल, पण तो फडक्याने प्लग पुसत राहिला. "कोणीतरी होता हे मला माहीतच होतं," म्हणाला. "साहेब झाला एवढंच नवीन." मग, "आणि तू पोहे खाल्लेस. न खाऊन काय करणार होतीस? पोरगीच होतीस की."

तो इतका चांगला वागला की वाटलं, पुढचं राहू दे. झाकली मूठ. पण सासूबाई विहारातून परत येणार होत्या आणि त्या माझ्या तोंडाकडे बघणार होत्या. मी कार्डाचं सांगितलं. आडनाव दिसू नये म्हणून मी त्याचं नाव शेवटी लावलं. जपान्यांना काय त्याचं, पण आमच्याच कंपनीतल्या पुण्याच्या माणसांना कळू नये म्हणून. इतक्या सरळ शब्दांत मी ते पहिल्यांदाच म्हणत होते. त्यात दुसऱ्या कोणाचं काही नव्हतं.

त्याने प्लग खाली ठेवला. फडक्याला हात पुसले, मग बोटं एकेक करून पुसली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. मला वाटलं तो चिडेल, आणि चिडला असता तर मी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, हौसेने लावलंस."

त्याने प्लग पुन्हा हातात घेतला.

"आमच्या टूलरूममध्ये मी सगळ्यांना सांगितलंय," तो म्हणाला, "की जपानी लोक तिला माझ्या नावाने हाक मारतात."